पाट्या वाचायचं काम

खेळामागे मला चार तांगे मिळायचे,
पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचायचे.
पोर्तुगीज पाटी मराठीत, इंग्रजी पाटी अंदाजाने,
आणि पाटीच नसेल तिथे लिबानियु मालक मागून ढोसायचा :
बोल रे, लोकांनी पैसे दिलेत.

जागा म्हणजे मांडवीकाठचं मिठाचं गुदाम.
पडदा ओला ठेवायला दोन पोरं, बादल्या घेऊन.
सुकत आला की चित्रातली माणसं फिकट व्हायची,
पोरं धावायची,
मग राजा असो की चोर
सगळ्यांच्या तोंडावरून पाणी गळायचं.

त्या शनिवारी मुरगावहून आली ती चुकीची पेटी.
मकावहून लिस्बनला निघालेली बोट,
आपली पेटी पुढे गेली, पुढची आपल्याकडे उतरली.
झाकणावर लाल अक्षरं,
कावळ्याने घरटं बांधावं तशी, काडीवर काडी.
खेळ मोडायचा तर तिकिटं परत.
लिबानियुने मशीन सुरू केलं.

आली ती.
भुवया मुंग्यांच्या रांगेसारख्या,
बाही इतकी लांब की हात कुठे संपतो कळू नये.
बाही उडायची, पडायची, पुन्हा मनगटाशी यायची
पागेराचं जाळं होडीत यावं तशी.
तोंड उघडं. गात होती.
आवाज नव्हता.

कायतानने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं
आणि तसंच धरून राहिला.
पाटी आली. वरून खाली गळणारी अक्षरं, पागोळ्यांसारखी.
मी खाकरलो आणि म्हणालो,
"नाथ, मला टाकून कुठे निघालात?"
टाळ्या.
दुसरी पाटी : "ही सासूची करणी!"
बायकांच्या बाजूने हुंदका आला.
मी त्या बाईला विधवा केलं, वनवासाला धाडलं,
नवरा जिवंतही करून दिला,
कारण दाढीवाला पुन्हा पडद्यावर आला होता.

पहिल्या बाकावर दामू लोटलीकर,
माशेलच्या कंपनीतला स्त्री-पार्टी, मान पुढे काढून.
कुजबुजला, "ही बाई नव्हे."
गप्प बस, मी म्हटलं.
"अरे, बाईचा पदर पडतो, ती ओढते, विसरून जाते.
इतका नीट सावरायला
शिकावं लागतं. वेताची छडी खाऊन."

तेवढ्यात मागून उठला
कोळशाच्या बोटीवरचा चिनी खानसामा.
वाटलं, आता माझी चोरी धरणार.
तो गाऊ लागला.
नाकातून, उंच, सुरीला धार लावावी तसं.
आणि पडद्यावरचं तोंड त्याच्या आवाजावर
मिटू-उघडू लागलं. तो श्वास घेई
तिथे बाही झेलली जाई.
कायतान सूर शोधत मागे मागे,
उशिरा पोचत होता आणि त्याची लाज नव्हती त्याला.
माझं तोंड बंद.
पोरंसुद्धा बादल्या विसरली. पडदा सुकत गेला,
चेहरा गेला, नुसती बाही उरली,
मग तीही नाही. पांढरं कापड, मिठाचे डाग.
गाणं चालूच.

नंतर मी त्याला मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं,
काय होती गोष्ट?
नवरा नाही, म्हणाला. सासू नाही.
चूल विझलीय, शेजारणीकडे विस्तव मागायला निघालीय.
तासभर?
वाट लांब आहे.
नटाचं नाव त्याने तीनदा सांगितलं,
मला तिन्ही वेळा वेगळंच ऐकू आलं.
दामूने मात्र पहिल्याच फटक्यात उचललं
आणि मला सांगितलं नाही.

पेटी सोमवारी परत गेली.
त्या वर्षी जत्रेच्या नाटकात
दामूने पदर वावभर लांब घेतला,
समयांच्या उजेडात सोडून दिला,
आणि तो आपल्या पायाने मनगटावर परत आला.
लोक एकमेकांकडे बघू लागले. हे काय?
मी विंगेतच होतो.
मला सांगता आलं असतं.

कंपनीने त्याचे दोन रुपये कापले,
जादा कापडाचे.